राजापुढचं प्यादं, एकच घर

पर्शा, तू गेलास त्याला आज नववा दिवस. मेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तुझ्याबद्दल चांगलं बोलायला शहापुरात माणसांची वाण नाही, माग थांबवून लोक तुझंच सांगत बसलेत. तेव्हा मी आपलं वाईट सांगतो, आणि ते तुझं नाही, माझं. मला तुझा हेवा वाटत होता. शाळेत वाटत होता, डोक्यावरचे केस गेले तरी वाटत होता, आणि तुला खांदा देऊन परत येताना माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर माझ्यामागं एवढी माणसं यायची नाहीत.

तुला यात नवीन काही नाही. "केशा, पोटात दुखतंय व्हय रं?" असं तू चारचौघांत विचारायचास. लोकांना वाटायचं तू माझ्या तब्येतीची चौकशी करतोस. मग कुणीतरी खरंच ओवा आणून द्यायचं आणि तुझ्यासमोर तो मला चावून खावा लागायचा.

माझं घर बेळगावात, वडील वकील. तुझं घर शहापुरात, आप्पा विणकर. मधे म्हटलं तर एक रस्ता. पण तो ओलांडला की राज्य बदलायचं, अलीकडं इंग्रज आणि पलीकडं सांगलीचं संस्थान. आणि गंमत म्हणजे राज्याबरोबर बुद्धिबळाचे नियमही बदलायचे. तुझ्या आप्पांच्या खेळात प्यादं कधीही एकच घर पुढं जायचं, आणि राजाला डावात एकदा, शह बसायच्या आधी, घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळायची. बेळगावात वकिलांचं जे वाचनालय होतं तिथं इंग्रजी नियम चालत. पहिल्या चालीला प्यादं दोन घरं जाऊ शकतं, आणि राजाला उडी नाही, त्यानं हत्तीआड जाऊन बसायचं. हे ऐकल्यावर आप्पा म्हणाले होते, "हितं राज्य कराय येतात आनि त्येंचा राजा लपून बसतोय व्हय?"

आपण दोघंही खेळायला शिकलो ते आप्पांकडं. शाळा सुटली की मी दप्तरासकट तुझ्याकडं यायचो. तू खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचास, तुझी आक्का दारात कांड्या भरत बसायची, आणि पट माझ्यापुढं असायचा. तुझी पटाकडं पाठ. धोटा इकडून तिकडं गेला की तू चाल सांगायचास, "तुज्या घोड्यावर माजा उंट घाल." मी पटाकडं डोळे फाडून बघतोय, घाम पुसतोय, आणि तू लुगड्याचा काठ विणता विणता मला मात देतोस. वर मागं वळूनसुद्धा बघायचं नाही. आक्का म्हणायची, "पर्शा, त्येला एकदा तरी जिंकू दे की रं." तू म्हणायचास, "मी कुटं आडवलंय?" मला त्या वेळी तुझ्यापेक्षा आक्काचा राग जास्त यायचा.

मग तो सामना आला. वाचनालयाच्या मंडळींनी शाळकरी मुलांसाठी बुद्धिबळाचा सामना ठरवला, अर्थात इंग्रजी नियमांनी. माझ्या वडिलांनी नियमांचा कागद घरी आणला, आणि महिनाभर मी तुला ते नियम शिकवले. पर्शा, तेवढा एकच महिना मी तुझ्यापेक्षा वरचढ होतो. किती मिरवलं मी! "प्यादं पहिल्यांदा दोन घरं न्यायचं, विसरू नकोस. तू शहापूरचा, तुझा हात सवयीनं एकच घर जाणार." हे मी तुला रोज सांगायचो, आणि तू शहाण्या मुलासारखी मान हलवायचास.

पहिल्या दिवशी माझा डाव लागला तो कँपातल्या एका चष्मेवाल्या मुलाशी. वडील पुढच्या खुर्चीवर. पांढरी मोहरी माझी. मी राजापुढचं प्यादं उचललं, ऐटीत पुढं ठेवलं आणि हात काढला.

एकच घर.

तुला नियम पढवणारा मी, आणि सवयीनं गेला तो माझा हात. हात काढला की चाल झाली, तिथं दया नाही. चष्मेवाल्यानं प्याद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ओठ दाबून हसला. माझे कान तापले. चूक झाली हे कुणाला कळू नये म्हणून मग मी वजिरापुढचं प्यादंही एकच घर सारलं. पाठोपाठ घोड्यापुढचं एक घर, आणि त्या रिकाम्या जागेत उंट नेऊन बसवला. असा चेहरा केला की जणू हे सगळं काशीहून शिकून आलोय. तिकडं त्याची प्यादी दोन दोन घरं टाकत पटाच्या मधोमध येऊन बसली. ती बघून माझा धीर सुटला, आणि पुढं जे व्हायचं ते झालं. परत जाताना वडिलांनी विचारलं, "हा काय प्रकार होता?" मी म्हणालो, "ठरवून तसं खेळलो." ते म्हणाले, "असं होय. म्हणजे ठरवून हरलास."

संध्याकाळी मी तुझ्याकडं आलो तो रडायच्या बेतात. आणि तू काय म्हणालास? "केशा, लई झ्याक मांडणी हुती रं ती." मला वाटलं चिडवतोस. पण तू फळीवर पट मांडून बसला होतास आणि माझीच मोहरी माझ्यासारखी लावली होतीस. "ह्ये बघ. त्येची प्यादी म्होरं आली न्हवं? येऊ द्यायची. लांब आल्याली प्यादी राखाय मानसं लागत्यात. तू मदीच भ्यालास, म्हनून हारलास." मग मान वर करून एकदम विचारलंस, "चुकून झालं न्हवं रं?"

तुझ्याशी काय खोटं बोलणार. मी म्हणालो, "हो. पण कुणाला सांगू नकोस."

"न्हाय सांगत."

त्यानंतर तू सगळे डाव त्या मांडणीनं खेळलास. शेवटचा डाव त्याच चष्मेवाल्याशी होता. सगळं वाचनालय भरलेलं. तू राजापुढचं प्यादं उचललंस आणि एकच घर ठेवलंस. मागून कुणीतरी म्हणालं, "शहापूरचा आहे, नियम समजला नसेल." लोक हसले. फक्त शेवटच्या डावाला पंच म्हणून बसलेले म्हातारे वकील पुढं वाकून तुला हळूच म्हणाले, "बाळ, दोन घरं नेता येतं."

तू हात जोडलेस. "ठावं हाय जी. पन जायाचं न्हाय."

ते वाक्य मी हजारदा मनात घोळवलंय. माझी चाल तीच होती, पर्शा, तेच प्यादं आणि तेच घर. मला हे वाक्य का नाही सुचलं?

पुढचा डाव माझ्याइतका कुणी टक लावून पाहिला नसेल. तुझी मोहरी आपल्याच अंगणात मुकाट बसलेली आणि त्याची प्यादी धावत सुटलेली. चष्मेवाला खूश. मग तू एक प्यादं आणखी एक घर सारलंस, तेवढंच. त्याच्या रांगेला भोक पडलं, कोपऱ्यातल्या उंटाला तिरकी वाट मोकळी झाली, आणि त्याची प्यादी एकेक करून तुझ्या हाती आली. त्याचा राजा हत्तीआड जाऊन बसला तिथंच त्याला मात बसली. लोक उठून उभे राहिले. माझे वडील टाळ्या वाजवत होते. मी त्यांना तोवर टाळ्या वाजवताना पाहिलं नव्हतं.

पंचांनी तुला विचारलं, "कुणाची मांडणी ही? कुणी शिकवली?"

तू गर्दीत मला शोधलंस, बोट केलंस आणि म्हणालास, "माजी न्हाय जी. केशवची हाय. परवा त्यो चुकून..."

"चुकून नाही!" मी ओरडलो.

सगळ्यांनी माझ्याकडं माना वळवल्या, वडिलांनीही. पंच म्हणाले, "मग तू ठरवून काढलीस का ही?" वडील माझ्याकडं बघत होते. ठरवून म्हणावं तर त्याच मांडणीनं परवा धूळ खाल्ली ती कशी, हा पुढचा प्रश्न. चुकून म्हणावं तर त्यांच्या देखत खोटा पडतो. मी म्हणालो, "नाही. त्याचीच आहे."

म्हाताऱ्यांनी वहीत लिहून घेतलं, 'परशुरामी.' झालं, एवढ्यावर ते नाव पडलं आणि मी गप्प उभा राहून ते पडू दिलं.

त्या दिवशी तू दिलेला शब्द मोडत होतास की मला मान देत होतास, यावर आपण पंचवीस वर्षं भांडलो. मी म्हणायचो, सांगायचं नाही ठरलं होतं. तू म्हणायचास, "आरं, टाळ्या वाजत हुत्या. म्हटलं निम्म्या तुला द्याव्यात." मी म्हणायचो, मग 'केशवला सुचली' एवढंच म्हणायचं होतंस. तुझं ठरलेलं उत्तर, "पन सुचली न्हाय न्हवं. तू म्हन चुकून झालं, मी आत्ता चौकात हुबा ऱ्हाऊन सांगतो." एका शब्दासाठी अडून बसलास! मला मांडणी माझी म्हणून हवी होती आणि चूक नको होती. तू दोन्ही एकदमच देत होतास. मी दरवेळी उठून निघून जायचो, आणि आठवडा भरायच्या आत परत यायचो.

तोवर परशुरामी गावोगाव गेली. खानापूरला गेली, निपाणीला गेली. निपाणीला एकदा मी कोर्टाच्या कामासाठी गेलो होतो. तंबाखूच्या वखारीच्या कट्ट्यावर दोन तरणे गडी डाव मांडून बसलेले. एक म्हणाला, "परशुरामी लाव की रं." मी न राहवून विचारलं, ही कुणी काढली माहीत आहे का? "आवं, शहापूरच्या परशुरामअण्णांनी." मी म्हणालो, मी त्यांना चांगला ओळखतो, शेकडो डाव खेळलोय त्यांच्याशी. त्या गड्यानं माझ्याकडं फार आदरानं पाहिलं आणि विचारलं, "मग येकदा तरी जितला?"

घरी येऊन हे बायकोला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. तिचं नेहमीचंच होतं, "परशुरामभावोजी आले की तुमचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं, आणि नाही आले की दहादा दाराशी जाता." तुझ्यासाठी तिनं मांडे केले की पहिला खापरावरून उतरलेला तुला. मी घरचा, मला मोडका.

एक मात्र सांगतो. वडील गेले त्या आठवड्यात भेटायला येणारा जो तो माझ्या पाठीवरून हात फिरवून जायचा. तू रोज यायचास, पट मांडायचास आणि मला हरवायचास. पाचव्या दिवशी खेळता खेळता मला रडू फुटलं. तू पटावरून नजरही काढली नाहीस. "रडायचं तर रड, पन घोडा सांभाळ," म्हणालास. मी रडत रडत घोडा सांभाळला आणि तरीही हरलो. त्या आठवड्यात तू मला एक जरी डाव सोडला असतास तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी तुला कधी बोलूनही दाखवलं नाही.

तू अंथरुणाला खिळलास तेव्हा मला आधी वाटलं, दोन दिवसांचा ताप आहे. मी आलो त्या दुपारी तू भिंतीला टेकून बसला होतास, आवाज खोल गेलेला. म्हणालास, "केशा, सवराज आलं म्हंजी ह्यो मदला रस्ता काय शीव ऱ्हानार न्हाय म्हनत्यात. मग आप्पांचं नियम चालवनार का वकिलांचं?" मी म्हणालो, तू बरा हो, मग ठरवू. मग तू म्हणालास, "आजून बी सांगतो बघ सगळ्यांस्नी. तू तेवडं म्हन." मी काय म्हणालो आठवतंय? "पडून राहा गप." तू हसलास. डोळे मिटलेस ते बोलून दमला होतास म्हणून, असं मी समजलो आणि चहा न घेता निघालो. दोनच दिवसांनी निरोप आला.

काल देवळाच्या ओसरीवर तुझी शोकसभा झाली. शहापुरातल्या बुद्धिबळ क्लबातल्या पोरांनी मधे चौरंगावर पट ठेवला होता आणि त्यावर परशुरामी मांडली होती, तंतोतंत. राजापुढचं एक घर, वजिरापुढचं एक घर, कोपऱ्याशी उंट. वर हार. भाषणं झाली. कुणी म्हणालं, परशुरामअण्णांना ही मांडणी मागावर बसल्या बसल्या दिसली. कुणी म्हणालं, स्वप्नात दिसली. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि आतून जळत होतो. खोटं कशाला बोलू, चितेवर तुला पाहिल्याला आठवा दिवस होता आणि मी अजून जळत होतो. मग कुणीतरी म्हणालं, "केशवराव, तुम्ही बालमित्र. दोन शब्द बोला."

मी उभा राहिलो. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. पण तोंड उघडलं आणि जे पंचवीस वर्षं अडकलं होतं ते बाहेर आलं. म्हणालो, ही पहिली चाल माझी आहे. शाळेतल्या सामन्यात मी खेळलो, आणि ठरवून नाही, चुकून. दोन घरं जाता येतं हे मी विसरलो. ती चूक झाकायला पुढच्या चाली केल्या आणि हरलो. तिचं सोनं केलं ते परशुरामनं, पण चूक माझी होती. पर्शा, मी 'चुकून' म्हणालो. सगळ्या शहापूरसमोर, मोठ्यानं आणि दोनदा म्हणालो. आता लोक हसतील म्हणून अंग आवळून उभा राहिलो.

कुणी हसलं नाही. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग तुझ्या शेजारचे रामाप्पा उठले, आप्पांबरोबर माग चालवलेले म्हातारे. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "केशवराव, मेल्या मानसाचं काडून घेऊ नये."

मी म्हणालो, अहो, खरं सांगतोय. पण खरं म्हणायला आहे कोण? पंच कधीच गेले. माझे वडील गेले. चष्मेवाला कुठं आहे देव जाणे. मी आक्काकडं पाहिलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्यो असता तर व्हय म्हनाला असता रं केशा. तू कायबी मागितलं तर त्यो न्हाय म्हनत नव्हता."

म्हणजे तू येऊन सांगितलं असतंस तरी लोकांनी तुझाच मोठेपणा गायला असता. बघ, यातही तूच वर. मी खाली बसलो. पोरांनी भजन म्हटलं, केळी वाटली, आणि मी माझं केळं हातात धरून घरी आलो.

ज्या हसण्याला मी जन्मभर भ्यालो ते कुणी हसलंच नाही. आयुष्यात माझ्या हातून एकच गोष्ट घडली जी लोक अजून खेळतात, आणि ती माझी चूक होती, एवढंही आता कुणी मानत नाही. मानणारा तू एकटा होतास. तुझ्याशी भांडलो तेव्हा तेव्हा ती माझी होती.

पर्शा, तुझी अट मान्य. चुकून झालं. आता सांग की रं कुणालातरी.